तंबाखूचा तरवा टाकण्याआधी: निपाणी, चिकोडी, कागल, गडहिंग्लज पट्ट्यासाठी हंगामी सल्ला

मृगाचा पाऊस चांगला लागून झाला की वेदगंगा-दूधगंगेकाठच्या काळ्या रानांत बिडी तंबाखूच्या तरव्याची, म्हणजे रोपवाटिकेची, घाई सुरू होते. बी टाकायचं जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि लावण मघा-पूर्वात, म्हणजे साधारण ऑगस्टच्या मध्यापासून पुढे. मधल्या सहा-सात आठवड्यांत रोपं तयार होतात आणि पुढचं बरंचसं नुकसान टळणार की होणार, तेही याच दिवसांत ठरतं. म्हणून हा सल्ला मुख्यतः तरव्याचा आहे. त्यासोबत ज्या बायामाणसांच्या हातांनी तंबाखू खुडली जाते, त्यांच्या प्रकृतीचाही आहे. त्याविषयी आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

बियाण्याची पुडी फोडण्याआधी यंदा किती एकर करायची, हे घरात बसून ठरवा. तंबाखूला हमीभाव नाही. 1975 च्या कायद्याने आलेलं तंबाखू मंडळ गुंटूरला आहे, पण त्याच्या लिलावात सिगारेटची तंबाखू विकली जाते. आपली बिडी तंबाखू त्या व्यवस्थेत येत नाही. भावासाठी निपाणीच्या शेतकऱ्यांनी 1981 साली महामार्गावर ठाण मांडलं, गोळ्या झेलल्या, माणसं गेली. तरीही आज आपला माल व्यापाऱ्याच्या दारातच ठरतो. तेव्हा गेल्या हंगामाचा हिशोब काढा: तरव्यापासून वाळवणीपर्यंतची मजुरी, त्यात घरच्या माणसांचीही धरा, आणि हातात पडलेले पैसे. घरच्यांची मजुरी धरली की पुष्कळांचा नफा दिसेनासा होतो.

ज्यांनी आजवर तंबाखू केली नाही, त्यांनी आता सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जे करतात त्यांनी सगळं रान एकदम मोडावं, असंही मी सांगणार नाही. कोरडवाहू भारी जमिनीत मागच्या पावसावर येणारं हे पीक आहे, त्याची जागा एका हंगामात भरून निघत नाही. पण एखादा एकर बाजूला काढा. तिथे जूनमध्ये सोयाबीन किंवा भुईमूग आणि त्यावर ओलीवर हरभरा किंवा शाळू (रब्बी ज्वारी) घ्या. खर्च-उत्पन्न वहीत वेगळं लिहा. दोन हंगामांचे आकडे समोर असले की पुढचा निर्णय दुसऱ्या कुणाला विचारावा लागणार नाही. तंबाखूकडून दुसऱ्या पिकांकडे वळणाऱ्यांसाठी केंद्राचा पीक विविधीकरण कार्यक्रम 2015-16 पासून महाराष्ट्र आणि कर्नाटकासह तंबाखू पिकवणाऱ्या दहा राज्यांना लागू झाला. आपल्या तालुक्यात सध्या त्यातून काय मिळतं, हे कृषी कार्यालयात विचारा, आणि पेरणीच्या तोंडावर न जाता आधीच विचारा.

आता तरवा. जागा दरवर्षी बदला. पाणी साचतं तिथे, झाडाच्या सावलीत किंवा वांगी, मिरची, टोमॅटोच्या शेजारी वाफे नकोत. ही सगळी तंबाखूच्याच कुळातली, त्यांचे रोग एकमेकांना लागतात. वाफा जमिनीपासून वीतभर उंच आणि दोन्ही बाजूंनी हात पोचेल इतकाच रुंद करा, चहूबाजूंनी पाण्याला वाट ठेवा. उन्हाळ्यात ज्यांनी ओल्या वाफ्यांवर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक चार-सहा आठवडे ताणून ठेवलं, त्यांचं तण, सूत्रकृमी (मुळांत शिरणारे सूक्ष्म किडे) आणि रोगाची बुरशी बरीच कमी झाली असेल. ज्यांचं ते राहिलं, ते राब भाजतील, म्हणजे वाफ्यावर पालापाचोळा जाळतील. राबाचा उपयोग होतो, पण चांगली वैरण-पाचट त्यासाठी जाळू नका. पुढच्या एप्रिलसाठी प्लॅस्टिकची तजवीज आताच करून ठेवा.

तंबाखूचं बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या वर दाणे येतात. त्यामुळे हात सैल सुटतो आणि तरवा दाट होतो. दहा चौरस मीटर वाफ्याला चार-पाच ग्रॅम बी पुरे. ते मूठभर कोरड्या बारीक वाळूत मिसळा, निम्मं उभं आणि निम्मं आडवं फेका. वर माती ओढू नका, हलकं दाबून गवताचा पातळ थर द्या आणि उगवण दिसली की तो संध्याकाळी काढा. पाणी झारीनेच, थोडं थोडं. पाटाचं पाणी सोडलं की बी एका कोपऱ्यात गोळा होतं.

दाट तरवा आणि ओला वाफा एकत्र आले की मर आलीच. रोपाचं देठ जमिनीलगत पाणचट होतं, रोप आडवं पडतं, आणि ढगाळ हवेत दोन दिवसांत ताटाएवढा गोल रिकामा होतो. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय बोर्डो मिश्रण आहे आणि ते घरी करता येतं. दहा लिटरसाठी 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 100 ग्रॅम कळीचा चुना घ्या. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादलीत पाच-पाच लिटर पाण्यात विरघळवा, चुना फडक्यातून गाळा आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळा. लोखंडी भांडं वापरू नका. मग स्वच्छ लोखंडी खिळा किंवा विळ्याचं टोक मिनिटभर बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं राहिलंय, त्याने रोपं करपतील, म्हणून आणखी चुन्याची निवळी घाला. थर आला नाही की मिश्रण तयार. ते त्याच दिवशी वापरायचं, उरलं तर दुसऱ्या दिवशी चालत नाही. बी टाकण्याआधी दोन दिवस वाफा या मिश्रणाने भिजवा, आणि उगवल्यावर दोन आठवड्यांनी फवारणी सुरू करा. पाऊस लागून राहिला आणि मर तरीही पसरली तर मेटॅलॅक्झिल व मॅन्कोझेबचं एकत्र बुरशीनाशक दहा लिटरला 20 ग्रॅम या प्रमाणात फवारा. डब्यावरचं लेबल वाचल्याशिवाय कुठलंच औषध घेऊ नका. दुकानदार जे काढून देतो ते सल्ला म्हणून स्वीकारणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

पानं खाणाऱ्या अळीसाठी वाफ्यांच्या कडेने एरंडीच्या दोन ओळी टोका. पतंग अंडी घालायला एरंडीवर येतो. तिच्या पानामागचे अंड्यांचे पुंजके रोज सकाळी पानासकट तोडून नष्ट केले आणि पाच टक्के निंबोळी अर्क मारला, तर तरव्यात जहाल औषधाची गरज क्वचितच पडते.

रोप काढताना मिश्री, तंबाखूची चिमूट किंवा बिडी हातात नको. मोझॅक रोगाचा विषाणू वाळल्या तंबाखूतही टिकतो आणि बोटांवरून थेट कोवळ्या पानावर जातो. तरव्यात शिरण्याआधी साबणाने हात धुवायला एक बादली बांधावर ठेवा. खत देताना म्युरेट ऑफ पोटॅश टाळा, त्यातल्या क्लोराइडने पानाची जळण बिघडते. सल्फेट ऑफ पोटॅश वापरा.

बंबाखूचं वेगळं सांगायला हवं, कारण एका वर्षाचा आळस पुढची कित्येक वर्षं भोवतो. हा बिनपानांचा परजीवी तंबाखूच्या मुळाला जमिनीखालीच चिकटतो. वर फिकट तुरा दिसतो तेव्हा त्याने अन्न ओढायला सुरुवात करून बरेच दिवस झालेले असतात. एका झाडावर लाखाच्या वर धुळीसारखं बी होतं आणि ते मातीत पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. म्हणून लावणीनंतर महिन्या-सव्वा महिन्यापासून आठवड्याला एक फेरी मारा, तुरा फुलायच्या आत उपटा आणि रानाबाहेर नेऊन जाळा. उपटलेलं बांधावर टाकलं तरी त्याचं बी पक्व होतं. शेणखताच्या खड्ड्यात तर अजिबात नको. ज्या रानात फार माजलाय, तिथे एक-दोन वर्षं तंबाखूला सुट्टी द्या आणि मूग, उडीद, तीळ किंवा ज्वारी घ्या. या पिकांच्या मुळांमुळे बंबाखूचं बी उगवतं, पण जगायला आधार न मिळून मरतं.

शेंडा खुडणं आणि फुटवे काढणं ही कामं पुढे थंडीत येतील, पण त्यांची तयारी आता सांगतो, कारण हातमोजे त्या दिवशी सकाळी गावात मिळत नाहीत. ओल्या हिरव्या पानातलं निकोटिन दवात विरघळतं आणि कातडीतून अंगात जातं. दिवसभर खुडणी करून आलेल्या बाईला संध्याकाळी मळमळतं, उलट्या होतात, डोकं गरगरतं, जेवण जात नाही. घरात म्हणतात पित्त झालं, ऊन लागलं. हा हिरव्या तंबाखूचा आजार आहे, जगभर तंबाखूच्या रानांत तो होतो आणि टाळता येतो. दव सुकल्याशिवाय रानात शिरायचं नाही. हातात रबरी किंवा नायट्रिलचे मोजे घाला. सुती मोजा भिजला की निकोटिन उलट कातडीला धरून ठेवतो. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, पुढे प्लॅस्टिक बांधा. कपडे ओले झाले तर तिथेच बदला. जेवणाआधी आणि घरी गेल्यावर साबणाने हातपाय धुवा, ते कपडे वेगळे धुवा. गरोदर बाई आणि मुलं या कामाला नकोतच, घरचं रान असलं तरी. उलट्या थांबेनात किंवा दम लागला तर दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना आधी सांगा की माणूस ओल्या तंबाखूत काम करत होतं. जो मजूर लावतो, मोजे त्याने द्यायचे. एका जोडीची किंमत दिवसाच्या मजुरीपुढे काहीच नाही.

शंका राहिली तर धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र निपाणीतच आहे, बिडी तंबाखूच्या वाणांचं काम तिथे होतं. बियाणं तिथून किंवा खात्रीच्या ठिकाणाहून घ्या. चिकोडी-निपाणीकरांना कर्नाटक कृषी खात्याचं रयत संपर्क केंद्र जवळचं, कागल-गडहिंग्लजकरांना तालुका कृषी अधिकारी. सीमाभागात पत्रक कन्नडमध्ये हाती आलं आणि वाचता आलं नाही, तर मराठीत समजावून मागा. तो आपला हक्क आहे. जाताना आजारी रोप मुळासकट, मातीच्या गड्ड्यासह, ओल्या गोणपाटात गुंडाळून न्या. मोबाइलवरच्या फोटोवरून मर ओळखता येते, मुळावरच्या सूत्रकृमीच्या गाठी ओळखता येत नाहीत.