सबवूफरची पेटी घरी बनवताय? या चुका टाळा

स्पीकर महागाचा, अँप (अँप्लिफायर) दमदार, तरी गाडीच्या डिकीतून नुसता घुमल्यासारखा आवाज येतो, ठोका सुटा ऐकूच येत नाही. अशा वेळी बहुतेक जण सबवूफर, म्हणजे बासचा स्पीकर, बदलायला निघतात. माझं कळकळीचं सांगणं, आधी टेप घ्या आणि पेटी मोजा.

सगळ्यात जास्त घोळ मापातच होतो. 60 × 40 × 35 सेंमीची पेटी बाहेरून मोजली तर 84 लिटर भरते. 18 मिमी एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची) जाडी सगळीकडून वजा केली की आत उरतात साधारण 64.5 लिटर! त्यातून आधाराच्या पट्ट्या आणि पोर्टची (हवा आत-बाहेर करणाऱ्या नळीची) जागा काढा. स्पीकरचा मागचा भागही जागा खातो. काही कंपन्या तो धरून पेटीच्या लिटरचा आकडा देतात, काही नाही, म्हणून स्पीकरसोबतचा कागद नीट वाचा.

बंद पेटी दोन-तीन लिटरचा फरक सांभाळून घेते, पोर्टवाली तेवढी घेत नाही. पोर्ट अरुंद असला तर आवाज वाढवताच हवेची फसफस ऐकू येते. मग तो रुंद केला जातो, पण त्याच ट्यूनिंगसाठी (पोर्ट ज्या सुराला घुमतो त्यासाठी) लांबीही वाढवावी लागते, हे राहून जातं. पोर्टचं आतलं तोंड आणि समोरची भिंत यांत निदान पोर्टच्या व्यासाइतकं अंतर हवं. ट्यूनिंगच्या खालच्या सुरांना कोनला (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार उरत नाही, तो मोकाट हलतो आणि त्यामागची कॉइल, म्हणजे तारेची गुंडाळी, निकामी होते ती इथेच. अगदी खालचे सूर अडवणारा सबसोनिक फिल्टर ट्यूनिंगच्या किंचित खाली लावाच.

आता गळती. माझ्या एका पेटीत फक्त खालच्या सुरांना बारीक सूं ऐकू यायचं. सगळे जोड पुन्हा भरले, फरक पडेना. शेवटी 30 हर्ट्झचा टोन अगदी हळू लावून ओल्या हाताची पाठ पेटीवरून फिरवली, आणि टर्मिनलच्या कपाशी (तारा जोडायच्या वाटीशी) गार झुळूक लागली. कपाखाली गॅस्केटच (फट बंद करणारी मऊ पट्टी) नव्हतं. आत सिलिकॉन भरलं असेल तर ते पूर्ण सुकल्याशिवाय स्पीकर बसवू नका. त्याची वाफ आत कोंडते.

एमडीएफच्या कडेत स्क्रू थेट पिळला तर थर फुटतो. आधी बारीक ड्रिल करा. खरी पकड गोंदाची असते, स्क्रू तो सुकेपर्यंत दाबून धरायला.

दोन सबवूफर लावल्यावर बास उलट कमी झाला, तर एकाच्या तारा उलट्या असण्याची शक्यता मोठी. अँपच्या तारा सोडवून 1.5 व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा: प्लसला प्लस लागला की कोन बाहेर यायला हवा.

पेटी डिकीत नुसती ठेवू नका. जोरात ब्रेक लागला की पंचवीस किलोंचं ते धूड सीटवर येऊन आदळतं. पट्ट्याने किंवा बोल्टने आवळा, आणि बोल्टसाठी भोक पाडण्याआधी गाडीखाली वाकून इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते पाहा.