गाडीच्या सीटचे जाम बोल्ट काढताना

विदर्भातल्या खेड्यांत चारचाकी गाडी केवळ माणसांच्या प्रवासासाठी नसते. वेचणीच्या दिवसांत मागची सीट काढून कापसाची गाठोडी भरली जातात, पेरणीच्या तोंडावर खताच्या पिशव्या आणल्या जातात आणि पावसाळाभर काळ्या मातीने माखलेले पाय त्याच गाडीत चढत-उतरत असतात. ही माती ओल सहजासहजी सोडत नाही, आणि फाटक्या पिशवीतून सांडलेले पोटॅश खत बहुधा पोटॅशियम क्लोराइडच असल्याने तेही मिठाप्रमाणे लोखंड खाते. मग एखाद्या दिवाळीत गाडी आतून धुवायची म्हणून सीट काढायला घ्यावी, तर बोल्ट हलायला तयार नसतात.

अशा वेळी बहुतेक जण लांब पाइप लावून जोर करतात आणि बोल्टचे डोके तोडून बसतात. जोर लावण्याची पाळी सर्वांत शेवटी यावी, कारण बोल्ट कशाने अडकला आहे हे वरून दिसतच नाही. सीटचा बोल्ट पट्टीतून व तळाच्या पत्र्यातून खाली जातो आणि पत्र्याच्या खालच्या अंगाला वेल्ड केलेल्या नटमध्ये बसतो. अनेक गाड्यांत त्याचे टोक नटच्याही खाली उघडे असते आणि चाकांनी उडवलेला चिखल नेमका तिथेच साचतो. बोल्ट वर काढताना हे गंजलेले आटे नटमधून ओढले जातात आणि तिथेच तो अडतो. म्हणून खरे काम गाडीच्या खालून करावे लागते.

त्याआधी बॅटरीची ऋण तार काढावी आणि दहा मिनिटे तरी थांबावे. सीटखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या, तर त्या एअरबॅगच्या किंवा पट्टा ताणणाऱ्या यंत्रणेच्या असतात. त्यांच्याजवळ ठोकाठोक करू नये. वायर सोडवलेली असताना चावीही फिरवू नये, कारण मग एअरबॅगचा इशारा देणारा दिवा लागून राहतो. गाडीखाली जाण्यासाठी नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नये. पक्क्या जमिनीवर स्टँड लावावेत, विटांची चवड तर कधीच वापरू नये.

खाली गेल्यावर बोल्टच्या टोकावरची माती खरवडून काढावी, तारेच्या ब्रशने आटे चमकेपर्यंत घासावेत आणि गंज सोडवणारे तेल मारावे. टोक बंद खोक्यात दडलेले असेल, तर वरूनच वॉशरच्या कडेने तेल सोडण्यावाचून इलाज नसतो. डिझेलनेही काम होते, मात्र वेळ अधिक लागतो. संध्याकाळी तेल मारावे, हातोडीने बोल्टच्या डोक्यावर सरळ, मध्यम ठोके द्यावेत, जेणेकरून गंजाचा थर तडकून तेल आत शिरेल. सकाळी पुन्हा तेच करावे.

पाना निवडताना सहा कोनांचीच गोटी (सॉकेट) घ्यावी, कारण बारा कोनांची गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे झिजवते. डोक्यात ताऱ्याच्या आकाराची खाच असेल, तर त्यात घट्ट झालेली माती खिळ्याने पूर्ण उकरून काढावी आणि त्या खाचेत बसणारा पान्याचा तुकडा, म्हणजे बिट, ठोकून तळापर्यंत बसवावा; अर्धवट बसलेला बिट खाच गोल करून टाकतो.

आता पहिला झटका सोडवण्याच्या नव्हे, तर घट्ट करण्याच्या दिशेने, अगदी किंचित द्यावा. नंतर उलट फिरवावे. ‘कट्’ असा कोरडा आवाज येऊन बोल्ट हलला, तर गंज सुटला असे समजावे. पण आवाज न होता पाना मऊपणे फिरत असेल, तर बोल्ट सुटत नसून पिळला जात आहे, तिथेच थांबावे आणि पुन्हा तेल द्यावे. सुटू लागलेला बोल्टही एका दमात काढू नये. पाव फेरा बाहेर, थोडा आत, पुन्हा बाहेर, आणि मधूनमधून तेल, अशा रीतीने आट्यांतला भुगा निघू द्यावा.

उष्णता देणे हा उत्तम उपाय आहे, परंतु गाडीत गालिचा, फोम आणि वायरी असतात, आणि अनेक गाड्यांत पेट्रोलची टाकी मागच्या सीटखालीच असते. तेलाने भिजवलेल्या जागी ज्योत नेणे तर उघड धोक्याचे आहे. म्हणून हे काम घरी करू नये. डोके तुटलेच, तर उरलेल्या बोल्टावर नट वेल्ड करून तो फिरवता येतो. हेही टाकी आणि वायरी सांभाळून काम करणाऱ्या वेल्डरकडूनच करून घ्यावे.

बोल्ट निघाल्यावर नटचे आटे टॅपने, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराने, साफ करावेत. १० मिलिमीटर जाडीच्या बोल्टांत आट्यांचे अंतर १.२५ आणि १.५ मिलिमीटर असे दोन्ही प्रकार मिळतात, त्यामुळे दुकानात जुना बोल्ट सोबत न्यावा. डोक्यावरचा ८.८ किंवा १०.९ हा बोल्टची ताकद सांगणारा आकडाही जुळला पाहिजे, कारण अपघातात माणसाचा भार हेच बोल्ट पेलतात. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट इथे चालणार नाही. बसवताना पहिले काही फेरे हातानेच द्यावेत, चारही बोल्ट लागल्यानंतरच कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने ते आवळावेत, आणि पांदणीच्या रस्त्यावर गाडी काही दिवस फिरल्यावर ते एकदा तपासून पाहावेत.