टँकरचे पाणी पूर्ण उतरले का, हे पट्टीवरून ओळखा

उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतो, वॉचमन पावतीवर सही करतो. परंतु १०,००० लिटरचे पैसे देताना तेवढे पाणी खरोखर टाकीत पडले का, हे सहसा कोणी मोजत नाही.

जमिनीखालच्या टाकीची आतली लांबी व रुंदी मीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला पुन्हा १० ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे पातळीच्या एका सेंटीमीटरमागचे लिटर. आमची टाकी ५ मीटर लांब व ४ मीटर रुंद आहे, त्यामुळे एका सेंटीमीटरला २०० लिटर पडतात आणि पूर्ण टँकरने पातळी ५० सेंटीमीटर चढायलाच हवी.

१. सेंटीमीटरच्या खुणा केलेली ॲल्युमिनियमची लांब, स्वच्छ पट्टी वॉचमनच्या केबिनमध्ये टांगून ठेवावी.
२. पंप आणि नळाचा व्हॉल्व्ह बंद करून, टँकर ओतण्यापूर्वी व पाणी स्थिरावल्यानंतर पट्टी तळापर्यंत सोडून ओली रेघ पाहावी.
३. दोन्ही आकडे गाडीच्या क्रमांकासह गेटवरच्या रजिस्टरमध्ये लिहावेत, मगच सही करावी.

पट्टी हातातून निसटली तरी कोणालाही टाकीत उतरू देऊ नये. बंद टाकीतील हवेत प्राणवायू कमी असू शकतो आणि ते जिवावर बेतते.