आधी जेवा, मग झगा मागा

नगरहून लग्न होऊन इंदूरला आले त्याला एकतीस वर्षं झाली. इथल्या चर्चमधली उपासना हिंदीत. गाणी पाठ झाली, पण रडू आलं की प्रार्थना मराठीतच निघते. बावीस वर्षं बस्तीत संडे स्कूल घेतेय, गुरुवारी इस्पितळात रुग्णांना भेटायला जाते. एवढ्या काळात तीनदा सगळं सोडून द्यावंसं वाटलं. त्या खेपांना जे कामी आलं तेवढंच सांगते.

खचलात की लगेच उपास-प्रार्थनेला बसू नका. मी बसले होते, तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन पडले. तपासणीत हिमोग्लोबिन ८ निघालं. महिनाभर मी ज्याला आत्मिक दुष्काळ म्हणत होते, त्यातला निम्मा दुष्काळ रक्तातला होता. बायबलमधल्या पहिल्या राजेचा १९वा अध्याय काढा. ईजबेल राणीच्या धमकीच्या एका निरोपानं संदेष्टा एलीया पळाला आणि झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवदूतानं त्याला बोधपर एक शब्द ऐकवला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी उशाशी ठेवलं, ‘ऊठ, खा’ म्हणाला. तो खाऊन परत झोपला, तर परत उठवून खाऊ घातलं. ‘तू इथं काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. म्हणून आधी जेवा, झोपा, रक्त तपासून घ्या. एलीयासारखं मरण मागावंसं वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि डॉक्टर गाठा. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो. त्यावर फोन केल्यानं विश्वास कमी ठरत नाही.

आता एकटेपणाचं. ‘मी एकटाच उरलो’ म्हणणाऱ्या एलीयाला देवानं अजून विश्वासू असलेल्या सात हजारांचा आकडा सांगितला. खरं सांगू? त्या आकड्यानं मला कधी धीर आला नाही. धीर आला तो पुढच्याच ओळींत भेटणाऱ्या, त्याचा सोबती झालेल्या एकट्या अलीशामुळं. एक माणूस पुरतो, पण तो मागावा लागतो, आणि मागायचं कसं ते प्रेषित पौलाकडून शिकावं. शिष्य तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो बेड्यांत आहे. सहकारी डेमास सोडून गेलाय, जवळ फक्त लूक. तरी नुसती ‘आठवण ठेव’ म्हणून थांबत नाही. लवकर ये, त्रोवस गावात कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर नक्की आण, मार्काला सोबत घे, हिवाळ्याआधी पोच. माणूस, वस्तू, मुदत, सगळं ठरवून. आणि मार्क कोण? पूर्वी पंफुल्या प्रांतात पौलाची मधेच साथ सोडून गेलेला. त्याच्यावरून पौलाचं सोबती बर्णबाशी बिनसलं होतं.

मी व्हॉट्सॲपवर महिला मंडळात लिहायची, ‘प्रार्थनेत आठवण ठेवा.’ चौदा जोडलेले हात यायचे, माणूस एकही नाही. मग एकीलाच लिहिलं, ‘गुरुवारी चार वाजता इस्पितळात माझ्यासोबत चल. बोलायचं काही नाही, फक्त फळांची पिशवी धरायची.’ ती आली. ती मल्याळी, मी मराठी, दोघींची हिंदी सारखीच मोडकी. परतताना ठेल्यावर जिरावण मसाला भुरभुरलेले पोहे खातो आणि वॉर्डात जे बघितलं ते तिथंच बोलून मोकळ्या होतो. घरी कमी ओझं येतं.

फळ दिसत नाही म्हणून खचणाऱ्यांना हमखास इंग्रज मिशनरी विल्यम कॅरीचं उदाहरण देतात. १७९३ साली बंगालात आला, पहिला बाप्तिस्मा थेट डिसेंबर १८०० मध्ये. धीर धरावा हे खरंच. पण त्याच सात वर्षांत त्याचा लहानगा पीटर गेला आणि बायको डोरोथीच्या मनाचा तोल ढळला तो १८०७ मध्ये ती जाईपर्यंत सावरला नाही. हे कुणी सांगत नाही. सेवेची किंमत घरचं माणूस मुकाट्यानं भरतंय का, ते बघा. आमच्याकडं सोमवारी संध्याकाळी फोन कपाटात असतो. (पहिले दोन महिने मीच चोरून काढायची.)

एक सल राहिलाय. जुलैत, भर पावसात संडे स्कूलला तीनच पोरं आली, त्यातलं एक बिस्किटासाठी. वाजवायची पेटी पदराखाली झाकून घरी आणली. त्या आठवड्यात कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांपाशी मन मोकळं करायला गेले, तर म्हणाले, “तुमचं काय, तुमचं चालूच असतं.” चार वर्षं ते वाक्य मी कुरवाळलं. मग पौलाची यादी वाचता वाचता लक्षात आलं की त्यांच्याकडं मी कधी काही मागितलंच नव्हतं. मागच्या दिवाळीनंतर मागितलं, ‘रविवारी पेटी तुमच्या स्कूटरवरून बस्तीत पोचवाल का?’

पावणेनऊला बोलावलं की सव्वानऊला येतात. धक्क्यांनी पेटीचा एक सूर बसलाय, तो दुरुस्तीला द्यायचाय.