आजोबांना दारूबद्दल कसं विचारायचं

साठीपुढचे बाबा लोक दवाखान्यात येतात ते बीपीसाठी, झोप लागत नाही म्हणून, नाहीतर मोरीत पडले म्हणून, दारूसाठी कोणीच येत नाही, आणि एवढ्या वयाच्या माणसाला कसं विचारायचं म्हणून आपणही गप्प बसतो. मी पण बरीच वर्षं हेच केलं. एका आजोबांची बीपीची गोळी तीनदा वाढवली, आणि ते रोज संध्याकाळी दारू घेतात हे मला त्यांच्या सुनेकडून कळलं. तेव्हापासून साठीपुढच्या प्रत्येक पुरुषाला विचारतो, चेहरा बघून निवडत नाही.

आधी घरच्यांना जरा बाहेर बसवा, सुनेसमोर कोणी खरं सांगत नाही. मग बीपीचा पट्टा बांधता बांधता, जेवण कसंय, तंबाखू खाता का, याच ओघात विचारायचं, "आणि आबा, कधी घेता का?" "दारू पिता का" म्हटलं की माणूस आखडतो. "नाही" म्हणाले तर आधी घ्यायचात का, कधी सोडली, हे पण विचारा, कधीकधी ती मागच्याच महिन्यात सोडलेली असते.

"हो" म्हणाले की ऑडिट-सी, म्हणजे दारू किती होते ते मार्कांत मोजायची छोटी चाचणी, तिचे तीन प्रश्न. किती वेळा घेता, एका वेळी किती, आणि सहा ड्रिंक किंवा जास्त कितीदा होतात. इथे "थोडी" हे उत्तर लिहून घेऊ नका, माप विचारा. 30 मिलीचा व्हिस्कीचा पेग म्हणजे एक ड्रिंक, साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल. नव्वद म्हणजे तीन, क्वार्टर म्हणजे सहा, बिअरची 650 मिलीची बाटली साधी असेल तर अडीच, 8 टक्केवाली स्ट्राँग असेल तर चार. हातभट्टीचा हिशोब बसत नाही, तिथे ग्लास केवढा आणि किती ग्लास ते लिहा.

प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4 मार्क, एकूण 12, आणि पुरुषाचे 4 किंवा जास्त झाले की लक्ष द्यायचं. "रोज फक्त नव्वद, ती पण जेवणाआधी" असं अगदी निरागसपणे सांगणारे आजोबा बघा: रोजचे 4, तीन ड्रिंकचा 1, सहा ड्रिंक कधीच होत नाहीत त्याचा 0, झाले 5. तरुणपणी हीच नव्वद पचत होती हे खरं, पण वय वाढलं की अंगातलं पाणी कमी होतं आणि तेवढीच दारू रक्तात जास्त चढते. त्यात शुगरची, झोपेची किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मी 3 मार्कांवरही सोडत नाही.

आकडा वर गेला तर भाषण देऊ नका, त्यांच्याच तक्रारीला जोडा. "आबा, गोळीने बीपी उतरत नाहीये, त्यात या नव्वदचा हात आहे, कमी करून बघूया का?"

पण रोज भरपूर पिणाऱ्याला "उद्यापासून बंद" असं कधीच सांगू नका!! सकाळी हात थरथरतात का, घाम सुटतो का, पूर्वी फिट आली होती का, हे आधी विचारा. असेल तर दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवायची, एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, माणूस भ्रमात जाऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. घरच्यांना टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 नंबर द्या, फोन फुकट आहे.

महिन्याने बीपीला आले की तेच तीन प्रश्न परत, आणि आकडा तारखेसकट केसपेपरवर लिहा, पुढच्या वेळी त्या खुर्चीत दुसरा डॉक्टर असेल.