इंजिन ऑईल किती घट्ट घ्यायचं?

"आपल्याकडे ऊन फार, घट्टच ऑईल टाका," हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. तो मानण्याआधी गाडीचं मॅन्युअल काढा. शेवटच्या पानांवर, तांत्रिक माहितीत, ऑईलचा ग्रेड (उदा. ५डब्ल्यू-३०) आणि किती लिटर लागतं ते दिलेलं असतं. मॅन्युअल सापडत नसेल तर बॉनेट उघडून ऑईल भरायचं झाकण बघा. बऱ्याच गाड्यांत त्यावरच ग्रेड लिहिलेला असतो.

आता आकडे. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा ऑईल थंडीत किती पातळ राहतं ते सांगतो. ५डब्ल्यूला उणे ३० अंशांच्या क्रँकिंग (म्हणजे थंड इंजिन फिरवून सुरू करण्याच्या) चाचणीत पास व्हावं लागतं, १०डब्ल्यूला उणे २५ च्या. एवढी थंडी आपल्याकडे पडत नाही, तरी सकाळी गाडी सुरू केल्यावर पातळ ऑईल वरच्या भागांपर्यंत लवकर पोचतं. दुसरा आकडा १०० अंशांना ऑईल किती घट्ट राहतं त्याचा. इंजिन तापलं की थर्मोस्टॅट कूलंटचं तापमान सांभाळतो, त्यामुळे चंद्रपूरचा मे असो की महाबळेश्वरचा जानेवारी, आतल्या ऑईलच्या तापमानात बाहेरच्या हवेइतकी तफावत नसते. नुसतं ऊन बघून ३० च्या जागी ५० टाकू नका. नव्या इंजिनांत बेअरिंगमधली फट केसाहून बारीक असते आणि व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारी यंत्रणा बहुधा ऑईलच्या दाबावरच चालते. फार घट्ट ऑईलने ती सुस्तावते, मायलेजही घटतं.

मेकॅनिक ऑईल दोन बोटांत चोळून "पाणी झालंय" म्हणतो, त्यावरही जाऊ नका. ५डब्ल्यू-३० ऑईल ४० अंशांना जेवढं घट्ट असतं, त्याच्या साधारण पाच-सहापट पातळ ते १०० अंशांना होतं. बोटांना तापल्यावरचा घट्टपणा कळणार कसा? काळा रंगही खराबीची खूण नव्हे. काजळी धरून ठेवणं हे ऑईलचं कामच आहे. डिझेल गाडीत तर नवं ऑईलही लवकर काळं पडतं.

मॅन्युअलमध्ये एकाहून जास्त ग्रेड दिले असतील तरच निवडीचा प्रश्न येतो. शहरातल्या रोजच्या फेऱ्यांना त्यातला पातळ घ्या. भरल्या गाडीने सतत घाट चढायचे असतील किंवा जुनं इंजिन थोडं ऑईल खात असेल, तर त्यातलाच घट्ट. निळा धूर येत असेल तर मात्र आधी रिंग आणि व्हॉल्व्ह सील तपासून घ्या. घट्ट ऑईलने दुखणं फक्त झाकलं जातं.

डब्यावर ग्रेडसोबत दर्जाची खूणही जुळवा. पेट्रोलसाठी एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचा एसपी हा २०२० मध्ये आलेला दर्जा आहे. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीला कमी राखेचं ऑईल लागतं, नाहीतर फिल्टर चोंदतो.

डबा आपल्यासमोर फोडायला सांगा. ऑईल भरल्यावर इंजिन थोडं चालवून बंद करा, गाडी सपाट जागी ठेवून पाचेक मिनिटं थांबा. डिपस्टिक (ऑईलची पातळी बघायची पट्टी) पुसून पुन्हा घाला आणि बघा: पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर जादा ऑईल काढून घ्यायला लावा, कारण क्रँकशाफ्टने घुसळून त्याला फेस येतो.