बाउटच्या आधीचे दहा दिवस: आराम कसा करायचा

बॉक्सिंगच्या बाउटला, म्हणजे लढतीला, दहा दिवस उरले की आमची पोरं सरावाला वेळेआधी येतात आणि हाकलल्याशिवाय जात नाहीत. एरवी रनिंगचं नाव काढलं की ज्यांचा गुडघा दुखतो, तेच "ताई, अजून दोन राउंड मारू?" म्हणून मागे लागतात. नाही म्हटलं की तोंड पाडतात, आणि त्यातलं एखादं रात्री जेवणानंतर रीजनल पार्कच्या बाजूला गुपचूप पळताना सापडतं. इंदूरमध्ये कुणी ना कुणी येऊन सांगतंच.

दहा दिवसांत नवा दम तयार होत नाही. आज केलेल्या मेहनतीचं फळ अंगात दिसायला आठवडे लागतात. तुमच्याकडे जेवढा दम आहे तेवढाच रिंगमध्ये येणार, आणि तो थकव्याखाली दबून राहिला तर तेवढाही येणार नाही. म्हणून या दिवसांत करायचं काम एकच, साठलेला थकवा उतरवणं. दहा-बारा दिवस काम कमी केल्याने दम जात नाही, ही भीती आधी डोक्यातून काढा.

पण मुलं आराम का करत नाहीत याचं खरं कारण मेहनतीची हौस नाही, वजनकाटा आहे. एक दिवस आराम केला, नीट जेवलं, की दुसऱ्या सकाळी काटा अर्धा-पाऊण किलो वर दिसतो. पोरगं घाबरतं, प्लॅस्टिकचं जॅकेट चढवतं आणि पळायला निघतं. तो वाढलेला अर्धा किलो चरबी नसते. स्नायू रिकामे झालेले असतात, ते ग्लायकोजेन (स्नायूंत साठणारी साखर) भरून घेतात आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. तिसऱ्या राउंडला हात वर राहतात ते याच साठ्यावर. जॅकेट घालून पळून तुम्ही नेमकं तेच काढून टाकता.

तेव्हा आराम करायचा असेल तर वजनाचा निकाल आधी लावा. माझा नियम असा: 60 किलोच्या गटात खेळणाऱ्याने आठवडाभर आधी, सकाळी पोट साफ झाल्यावर, 61च्या आत असायला हवं. 63वर असेल तर त्याने पुढच्या गटात खेळावं, किंवा या वेळी खेळू नये. यावर माझ्याशी वाद घालायला बरेच पालक येतात. चहा पाजते, निर्णय बदलत नाही.

एक वही करा. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर, दोन्ही वेळचं वजन लिहा. रात्रीतून श्वास, घाम, लघवी यांतून वजन आपोआप उतरतं, आणि किती उतरतं ते प्रत्येकाचं वेगळं असतं. आठवडाभर लिहिलंत की तुमचा आकडा कळतो, मग आदल्या रात्री काटा थोडा वर दिसला तरी झोप लागते. त्याच वहीत उठल्याबरोबर, अंथरुणातच मोजलेली नाडीही लिहा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त आणि तेही सलग दोन-तीन दिवस, म्हणजे शरीर अजून थकलेलंच आहे किंवा ताप येऊ घातलाय. त्या दिवशीचा सराव रद्द.

आता दिवसांचं बघू. बाउट शनिवारी आहे असं धरा.

शेवटचं जोरदार स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, आदल्या आठवड्याच्या बुधवार-गुरुवारी, त्यानंतर नाही. भुवई फुटली तर ती भरायला वेळ लागतो, बोटाचं हाड दुखावलं तर तेही. आणि मुख्य म्हणजे डोकं. स्पारिंगमध्ये फटका बसल्यावर डोकं दुखत राहिलं, मळमळलं, उजेड सहन होईना, तर डॉक्टरकडे जायचं आणि बाउट विसरायची. स्पर्धेत डोक्यावरच्या फटक्याने नॉकआउट झालेल्याला किमान महिनाभर खेळू देत नाहीत, स्पारिंगसुद्धा बंद. जिममध्ये लागलेल्या फटक्याची कुठे नोंद होत नाही म्हणून तो कमी धोक्याचा ठरत नाही.

मग शनिवारपासून काम निम्म्यावर आणा, वेग मात्र तोच ठेवा. इथेच बहुतेकजण उलटं करतात: राउंड तेवढेच मारतात, पण आरामात मारतात. त्याने थकवा उतरत नाही आणि हात मंद व्हायची सवय लागते ती वेगळीच. आठ राउंड बॅग मारत असाल तर चार मारा, पण त्यांत वीस-तीस सेकंद पूर्ण ताकदीने, मग श्वास घ्या, मग पुन्हा.

आराम पुरेसा झाला की नाही हे मला पॅड धरताना कळतं. थकलेल्या मुलाचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ फटका) पॅडवर येतो आणि ढकलून थांबतो, आवाज बसका येतो. परत जाताना डावा हात हनुवटीपाशी जात नाही, छातीवरून फिरून जातो. ताज्या मुलाचा फटका टाळी वाजल्यासारखा वाजतो आणि हात परत कधी गेला ते दिसतही नाही. मंगळवारी पॅडवर पहिलाच प्रकार दिसला तर गुरुवारच्या सुट्टीबरोबर बुधवारीही सुट्टी देते, मग घरून कितीही फोन येवोत.

गुरुवारी पूर्ण आराम, शुक्रवारी थोडं हलायचं. शुक्रवारीच आराम का नाही, असं मुलं विचारतात. पूर्ण सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी अंग जड वाटतं, पाय ओढल्यासारखे होतात. हे बऱ्याच जणांना होतं. पण तो जडपणा रिंगमध्ये नको, म्हणून शुक्रवारी पंधरा-वीस मिनिटं दोरी आणि शॅडो (हवेतच फटके मारणं), अंगाला घाम फुटेपर्यंत, आणि बस.

गुरुवारी काय करायचं? नेहमीच्या वेळी उठा. वजन आणि मेडिकल सकाळी लवकर असतं, तेव्हा दहा वाजेपर्यंत लोळायची सवय आत्ता नको. अर्धा तास चाला. बँडेज धुऊन वाळत घाला, नखं कापा, माउथगार्ड शोधा (तो कधीच जागेवर नसतो), जन्मदाखला आणि आधार पिशवीत टाका. दुपारी अर्धा तास झोपा, जास्त नाही. आखाड्यातल्या ओळखीच्या काकांकडून दणदणीत मालीश करून घ्यायची असेल तर ती सोमवारी. गुरुवारी केलीत तर शनिवारी खांदे ठणकतील.

झोपेचं म्हणाल तर, बाउटच्या आदल्या रात्री झोप येणार नाही हे गृहीत धरा. एका रात्रीने फारसं बिघडत नाही. त्याआधीच्या चार-पाच रात्री आठ-नऊ तास झालेले असले की निभावतं. अडचण अशी की आपलं गाव रात्रीचं आहे. सराफ्यात सोन्याची दुकानं बंद झाल्यावर खाणाऱ्यांची खरी गर्दी सुरू होते, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) रात्रभर चालतात, आणि बाउटच्या आठवड्यातच मामेभावाचं लग्न निघतं. लग्नाला जा, अक्षता टाका, नऊ वाजता घरी या.

खाण्यात शेवटचे दोन दिवस मीठ आणि चोथा कमी. मीठ पाणी धरून ठेवतं, चोथ्याचं वजन पोटात राहतं. वरण-भात, दही, केळं, मऊ खिचडी चालेल. उसळ, भुट्टे का कीस, गराडू, जिरावन मसाला घातलेलं काहीही चालणार नाही. आणि पोहे शेवेशिवाय. इंदूरच्या माणसाला ही शिक्षा आहे हे मला माहीत आहे. थंडीत आजी डिंकाचे लाडू पुढे करते. तिला नाही म्हणू नका, डब्यात भरून घ्या, स्पर्धा संपल्यावर खा.

पाणी मात्र तोडायचं नाही. 1997 साली अमेरिकेत कॉलेजचे तीन कुस्तीगीर पाणी तोडून आणि घाम काढून वजन उतरवता उतरवता साधारण महिन्याभरात दगावले. शरीराच्या वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं तरी दम पडतो. यावर पोरं मेरी कोमचं उदाहरण देतात: 2018मध्ये पोलंडला तिने वजनाला चारेक तास उरले असताना दोन किलो जास्त होतं ते दोरी मारून उतरवलं आणि सुवर्ण जिंकलं. खरं आहे. पण ती तेव्हा पाच वेळची जगज्जेती होती, आपलं शरीर किती सोसतं हे तिला माहीत होतं. तुम्ही अजून जिल्ह्याच्या फायनलला पोचायचे आहात.

पाणी काढायच्या गोळ्या तर अजिबात नाहीत. डाययुरेटिक स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंदीच्या यादीत आहेत. सर्दीची गोळीसुद्धा विचारून घ्या, काहींत स्युडोएफेड्रिन असतं, आणि स्पर्धेत तेही ठराविक प्रमाणापलीकडे चालत नाही. दुखणं दाबायची गोळी खाऊन रिंगमध्ये उतरू नका, काही गोळ्यांनी रक्त लवकर थांबत नाही.

मुलींसाठी एक गोष्ट, जी सहसा कुणी लिहीत नाही. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगात पाणी साठून वजन वाढतं. दोन-तीन महिन्यांच्या तारखा आणि वजन वहीत असेल तर स्पर्धेच्या आठवड्यात ते अचानक समोर येत नाही. कोच पुरुष असेल आणि बोलायला संकोच वाटत असेल तर "वजन या आठवड्यात वर राहील" एवढं सांगितलं तरी चालतं. कारण त्याला विचारायची गरज नाही.

स्पर्धा भोपाळला असेल तर आदल्या दिवशी दुपारीच निघा. रस्त्याने एकशे नव्वदेक किलोमीटर, बसमध्ये पाय आखडतात, पोचल्यावर अर्धा तास चाला. पोचल्या-पोचल्या तिथल्या काट्यावर उभे राहा, घरच्या काट्याशी तो जुळेलच असं नाही.

आपल्या खेळात पहिली बाउट जिंकलात की काम संपत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा रिंग, आणि ज्या दिवशी खेळायचं त्या सकाळी पुन्हा वजन. विनेश फोगाटचं 2024मध्ये पॅरिसला जे झालं ते कुस्तीतलं, पण धडा तोच. पहिल्या दिवशी 50 किलोत बसली, तीन लढती जिंकली आणि दुसऱ्या सकाळी 100 ग्रॅमने बाहेर गेली. म्हणून बाउट संपल्यावर नाचायच्या आधी दहा मिनिटं चाला, घोट घोट पाणी किंवा ओआरएस घ्या, तासाभरात भात-दही किंवा केळी खा, आणि संध्याकाळी काट्यावर जा. वहीतला रात्रीचा आकडा इथे कामाला येतो: किती खाता येईल ते तोच सांगतो. दुसऱ्यांच्या बाउट बघत दिवसभर गॅलरीत ओरडत बसू नका, खोलीवर जाऊन पाय वर करून पडा.

हरलात तर वजनाची चिंता संपली, पण डोक्याला मार बसला असेल तर त्या रात्री एकट्याने झोपायचं नाही. खोलीत कुणीतरी हवं, आणि त्याला सांगून ठेवा: उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, बोलताना शब्द अडखळायला लागले, तर गोळी देऊन झोपवायचं नाही. सरळ रिक्षा करून हॉस्पिटल, आणि वाटेतून कोचला फोन.